माणूस हाच कच्चा माल!

२२ मार्च २००९ रोजी जेड गुडी ही इंग्रज तरुणी वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी कर्करोगाने निवर्तली. ती नटी नव्हती, गायिका नव्हती. दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेली आणि दंतवैद्याच्या हाताखाली काम करणारी ही मुलगी २००२ साली ‘बिग ब्रदर’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात शिरली आणि पुढील सात वर्षे साऱ्या ब्रिटनच्या चर्चेचा विषय होऊन राहिली. आरंभी वृत्तपत्रांनी तिच्या रूपाची व अज्ञानाची मनसोक्त टवाळी केली. पुढे त्यांनीच तिला डोक्यावर घेतले. जानेवारी २००७ मध्ये त्याच घरात तिने शिल्पा शेट्टी हिचा वर्णद्वेषी पाणउतारा केला, तेव्हा ४४ हजारांहून अधिक तक्रारी नियामक संस्थेकडे गेल्या आणि तिला पुन्हा धुळीस मिळवण्यात आले. २००८ साली प्रायश्चित्तादाखल ती आपल्याकडील ‘बिग बॉस’मध्ये आली. त्या घरात असतानाच कर्करोगाची वार्ता तिच्या कानी पडली. तिचा विवाह आणि तिचे मरण हीदेखील मग विक्रीची वस्तू झाली. मुलांच्या शिक्षणाची तरतूद व्हावी म्हणून आपण हे करीत आहोत, असे तिने उघडपणे सांगितले.

तिच्या वर्तनाची कड घेण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या सात वर्षांत जेडने पैसा मिळवला हे खरे. पण तिच्या मूर्खपणावर, क्रोधावर, अश्रूंवर आणि अखेर मरणावरही ज्यांनी धंदा केला, त्यांना कोणी जाब विचारला काय?

१९९९ साली हॉलंडमध्ये जॉन डी मोल यांनी हा कार्यक्रम उभा केला. त्याचे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ च्या कादंबरीतून उचललेले आहे. ज्या नावाने लेखकाने जगाला भय दाखवले, तेच नाव व्यापाऱ्यांनी करमणुकीच्या दुकानावर पाटी म्हणून लावले! या धंद्याचे गणित सोपे आहे. नाटकाला नाटककार लागतो, कसलेले नट लागतात. येथे माणसे कोंडावयाची, त्यांची झोप, एकांत व बाह्य जगाशी संबंध तोडावयाचा, आणि ठिणगी पडण्याची वाट पाहावयाची. दिवसभराच्या चित्रणातून तासाभराचे कांड निवडणारा संकलक पडद्याआडच राहतो. शिव्याशाप मात्र समोर दिसणाऱ्याच्या वाट्याला येतात. आणि यालाच ‘वास्तव’ म्हणावयाचे!

हिंदीत २००६ पासून व मराठीत २०१८ पासून हे घर आपल्या दिवाणखान्यात आले आहे. सर्वच स्पर्धा एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. २००५ मध्ये अभिजीत सावंत हा मराठी तरुण ‘इंडियन आयडॉल’ झाला तो गळ्याच्या बळावर. २००८-०९ मधील ‘लिटिल चॅम्प्स’ने नाट्यगीते व अभंग घरोघर पुन्हा गुणगुणावयास लावले. तेथे कला दाखवली जाते, येथे जखम दाखवली जाते, हा भेद विसरता कामा नये. परंतु बाद झालेल्या बालकाच्या ओघळत्या अश्रूंवर कॅमेरा स्थिरावतो, तेव्हा ही सीमारेषाही पुसली जाते.

कायदा अगदीच मुका नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात ५ तासांहून अधिक राबवता येत नाही आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२१ पासून सहभागी होणाऱ्या माणसांच्या हिताची वाजवी काळजी घेणे वाहिन्यांवर बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांच्या बाबतीतही असाच स्पष्ट दंडक हवा: करारापूर्वी स्वतंत्र सल्ला, चित्रणकाळी मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रक्षेपणानंतरही काही काळ आधार.

मात्र कायद्याने सर्व भागणार नाही. चव्हाट्यावरचे भांडण पाहावयास बघे जमले नाहीत, तर ते लवकर मिटते, हे आपल्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. जेडच्या आजाराच्या बातम्यांमुळे ब्रिटनमधील लाखो स्त्रियांनी वेळीच तपासणी करून घेतली. तिच्या मागे उरलेले पुण्य ते एवढेच, आणि तेही तिचे आहे. तिच्या दुःखाचा बाजार मांडणाऱ्यांचे नव्हे, आणि तो बाजार रोज रात्री भरवणाऱ्या आपणा प्रेक्षकांचे तर नव्हेच नव्हे.