वजाबाकीचे पालकत्व

मूल गणितात मागे पडले, लावा शिकवणी. चारचौघांत बोलत नाही, घाला व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात. एका जागी बसत नाही, पाठवा योगवर्गाला. प्रत्येक अडचणीवर बेरजेचाच उपाय शोधणारी ही मनोवृत्ती पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. मोरणाकाठच्या शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावांतही ती रुजते आहे. समर्थांनी बलोपासनेसाठी १६५४ मध्ये ज्या गावी मारुती स्थापिला, तेथील मुलास सायंकाळी मैदानावर जाण्याची सवड मिळू नये, ही विसंगती कोणालाच खटकत नाही काय?

दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले होते. न उमगलेला धडा दुसऱ्या शिक्षकाकडून पुन्हा त्याच घाईने वदवून घेतल्यास हे ओझे उतरेल कसे? सोळा वर्षांखालील मुलांना खासगी शिकवणी केंद्रांत प्रवेश देऊ नये, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावले. मंत्रालयाला जे कळले, ते जन्मदात्यांना कळू नये?

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी निराळा मार्ग दाखविला. गुरे राखणारी वनवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाचा दिवस कसा जातो, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग शिकविले. आपण मात्र वेळापत्रक आधी आखतो व मूल त्यात कोंबतो.

कार्यकर्त्यांच्या घरांनीही या आरशात पाहावे. आठवड्याचे सहा दिवस शिकवणीला देऊन सातव्या दिवशी मुलास संस्कारवर्गाला पिटाळणे ही संस्कारांची थट्टा आहे. आजीसोबत शेंगा सोलताना, वडिलांसोबत पंगतीत वाढताना जे रुजते, त्याला प्रवेशअर्ज लागत नाही.

‘स्पर्धेच्या युगात मूल मागे पडेल’, हा आक्षेप ठरलेला आहे. परंतु थकलेले मूल कोणती स्पर्धा जिंकणार? कमी करणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. एकत्र जेवण, पुरेशी झोप आणि मुलाचे बोलणे ऐकण्याचे धैर्य, एवढे पालकाने सोडू नये. बाकीच्यातील एक वर्ग या महिन्यापासून बंद करावा आणि मोकळा झालेला तास दुसऱ्या कशानेही भरू नये. मूल सुरुवातीला ‘कंटाळा आला’ म्हणेल. म्हणू द्यावे, त्याचा खेळ त्यालाच शोधू द्यावा.