कोठार आधी भरावे लागते

सोलापूर जिल्ह्याचे नाव निघाले की डोळ्यांसमोर दुष्काळ उभा राहतो. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर वार्षिक पाऊस, ज्वारीची कोरडवाहू शिवारे, टँकरची वाट पाहणारी गावे हेच या भूमीचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसले आहे. शासनाच्या योजना याच चित्रावरून आखल्या गेल्या आणि समाजाची मानसिकताही त्यानुसारच घडली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने हे चित्र धुऊन काढले. माढा तालुक्यातील दारफळ व उंदरगाव, मोहोळ तालुक्यातील लांबोटी, उत्तर सोलापुरातील तिऱ्हे, दक्षिण सोलापुरातील वडकबाळ असा सीनाकाठ जलमय झाला. सोलापूर-पुणे आणि सोलापूर-विजयपूर हे दोन्ही महामार्ग बंद पडले. उभी पिके गेली, गोठ्यातली जनावरे गेली आणि अनेक ठिकाणी शेतातील मातीही वाहून गेली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते. माती साठायला शतके लागतात.

या आपत्तीला केवळ निसर्गाचा कोप म्हणून हात जोडणे सोपे आहे. परंतु त्यामुळे पुढचा पूर टळत नाही. सोलापूरचा पूर बहुधा सोलापूरच्या आकाशातून पडत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. भीमेचे पाणी सह्याद्रीच्या कुशीतून, पुणे जिल्ह्यातील धरणे ओलांडून उजनीत येते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे. मात्र धरण काठोकाठ भरलेले असताना वरून लोंढा आला, तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नीरा नदी तर उजनीच्या खाली नृसिंहपूर येथे भीमेला मिळते. त्यामुळे वीर धरणातून सुटलेले पाणी उजनी अडवूच शकत नाही. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते आणि धाराशिव जिल्ह्यातील धरणांचा विसर्ग पोटात घेऊन सोलापुरात येते. पंढरपुरात ऊन पडलेले असताना चंद्रभागेचे वाळवंट पाण्याखाली जाते, ते यामुळेच. दुसऱ्याच्या पावसाने येणाऱ्या पुराचा अंदाज स्वतःच्या अंगणातील पाऊस पाहून बांधता येत नाही.

दुसरा गैरसमज पूररेषेविषयी आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. शंभर वर्षांतून एकदा म्हटले की सामान्य माणूस निश्चिंत होतो. आजोबांच्या काळी पूर आला होता, आता नातवाच्या काळी येईल, असा हिशोब तो मांडतो. वस्तुतः या शब्दांचा अर्थ इतकाच की, लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते, मग आदल्या वर्षी पूर येऊन गेलेला असो वा नसो. तीस वर्षांच्या संसारात ही शक्यता शंभरात सव्वीसपर्यंत जाते. निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्याच्या बाबतीत तर ती शंभरात सत्तर होते. घरासाठी वीस-तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याला हा हिशोब कोणी सांगत नाही. ग्रामसभेतही तो मांडला जात नाही.

महापुरानंतर शासन स्वस्थ बसले असे म्हणता येणार नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यासाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत साहाय्य देण्याचे त्यात ठरले. ही तत्परता स्वागतार्ह आहे. तथापि, मदत आणि विमा यांतील भेद विसरता कामा नये. मदत तिजोरीच्या स्थितीनुसार आणि पंचनाम्याच्या गतीनुसार मिळते, तर विमा हा कराराने प्राप्त झालेला हक्क असतो. मदतीसाठी हात पसरावा लागतो. विम्याचा दावा मान ताठ ठेवून करता येतो.

दुर्दैवाने ज्या हंगामात या हक्काची सर्वाधिक गरज होती, त्याच हंगामात तो क्षीण झाला होता. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाल्यावर २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. गैरप्रकार थांबवणे आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर स्थानिक नैसर्गिक आपत्तीचे संरक्षणही वगळण्यात आले आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठेवण्यात आली. हे उत्पन्न महसूल मंडळाच्या सरासरीने मोजले जाते. नदीकाठच्या शेतकऱ्याचे सारे पीक बुडाले तरी त्याच मंडळातील माळरानावरचे पीक तरले, तर सरासरी त्याच्या विरोधात जाऊ शकते. ऊस हे या जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक. ते राज्याच्या पीकविमा यादीतच नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खरीप २०२६ पासून भातपीक पाण्याखाली जाण्याची जोखीम पुन्हा विम्यात घेण्याचे जाहीर केले. कोकणाला त्याचा लाभ होईल. परंतु सोयाबीन, तूर, उडीद, कांदा पिकवणाऱ्या सीनाकाठाचा प्रश्न त्याने सुटत नाही. चोर घरात शिरतो म्हणून घराचे दारच भिंत घालून बुजवायचे नसते. चोख तपासणीसह स्थानिक आपत्तीचे संरक्षण परत आणणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.

घरे आणि उद्योगांची स्थिती निराळी आहे. तेथे साधन उपलब्ध आहे, पण ते कोणाला ठाऊक नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देशभर लागू आहे. आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पुराचेही संरक्षण तीत आहे. घराचा विमा उतरवला की विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामानही त्यात येते. लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहेत. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापूरच्या यंत्रमागधारकांपैकी किती जणांनी त्यांची नावे ऐकली असतील?

अर्थात, विमा हे नदीपात्रात घर बांधण्याचे अभयपत्र होऊ नये. अमेरिकेने १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली, तेव्हा एक शहाणपणाची अट घातली होती. जे गाव पूरक्षेत्रातील बांधकामांवर निर्बंध घालील, त्याच गावातील रहिवाशांना ती मिळेल. मात्र अनेकांचे हप्ते खऱ्या जोखमीपेक्षा कमी राहिले. कतरिनासारख्या चक्रीवादळांनंतर योजना कर्जात बुडाली आणि २०१७ मध्ये तिचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. महाराष्ट्राने यातून अट घ्यावी आणि चूक टाळावी. सीना व भीमेच्या पूररेषा कागदावर न ठेवता गावागावांत दगड रोवून दाखवाव्यात. त्यांच्या आतील नव्या बांधकामांना आळा घालावा. जे गरीब आधीच तेथे राहतात, त्यांचे पुनर्वसन होईपर्यंत त्यांच्या विम्याचा भार शासनाने उचलावा.

योग म्हणजे अप्राप्ताची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्ताचे रक्षण. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य भगवद्गीतेतून घेतले, ते याच योगक्षेमाचे आश्वासन देणारे आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला सावरावे, हा विचार या समाजाला परका नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळे खोदवले, ते अनेकांच्या श्रमांतून. महापुरात उडी घेणारे स्वयंसेवक, भाकरीची चळत पाठवणारी घरे आणि अन्नछत्रे चालवणारी देवस्थाने ही समाजाची शक्ती प्रत्येक आपत्तीत दिसते. ती पूर येण्यापूर्वीही दिसली पाहिजे. बचत गट, पतसंस्था, दूध संघ आणि मंदिर समित्यांनी सामूहिक विम्याचे काम हाती घ्यावे. पॉलिसीतील अटी समजावून सांगणारे आणि दावा भरून देणारे कार्यकर्ते गावोगावी उभे राहावेत. हीदेखील सेवाच आहे.

याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडले आणि भुकेल्यांचे प्राण वाचवले. त्यांच्या करुणेचे गुणगान गाताना एक साधी गोष्ट विसरली जाते. कोठार उघडता आले, कारण ते आधी भरलेले होते. सीनेला पुन्हा पूर येणार, हे निश्चित आहे. तेव्हा उघडायचे कोठार भरण्याचे काम मात्र नदी शांत असतानाच व्हायला हवे.