हिवाळ्याची एक रात्र, सगळ्या घरासाठी

नाताळच्या सुट्टीत कुठे जायचे, ही चर्चा वसई-विरारच्या घराघरांत सुरू झाली असेल. यंदा एक सुचवते. दिवसा कोवळ्या उन्हात फिरा आणि रात्री आकाश बघा.

आपल्या इमारतींच्या उजेडात आता मोजकेच तारे दिसतात. काळोखासाठी थोडे लांब जावे लागते. कर्जतच्या रेल्वेमार्गावर बदलापूर आणि नेरळच्या मधले वांगणी हे मुंबईच्या आकाशप्रेमींचे जुने ठिकाण. हौशी अभ्यासकांचे खगोल मंडळ तेथे रात्रभराचे आकाशदर्शन ठेवत आले आहे. दादरला गाडी बदलून जाता येते. दुसऱ्या दिवशी नेरळहून माथेरान गाठा. तेथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे मुले मोकळेपणी बागडतात.

तारीख ठरवायला घरातले इस्लामी कॅलेंडर पुरे. चांद २२ पासून पुढच्या महिन्याच्या चांद ३ पर्यंत संध्याकाळी चंद्राचा उजेड फारसा नसतो. चटई, शाली, थर्मासमध्ये चहा घ्या. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि मोबाइल बंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. दुर्बीण नसली तरी चालते.

इशानंतर पूर्वेकडे वर पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. तो मृग नक्षत्रातला बाण. ती रेघ खाली वाढवली की झगझगीत व्याध भेटतो. हाच अरबीतला 'शिअरा', ज्याचा उल्लेख सूरह नज्ममध्ये आहे. रेघ वर नेली की लालसर रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका म्हणजे 'सुरैया'. आपल्याकडे हे नाव कितीतरी मुलींचे असते, पण त्यातल्या किती जणींनी आपल्या नावाचे तारे पाहिले असतील? रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरान म्हणतात. तो शब्द अरबी 'अल-दबरान'वरून आला. अर्थ, मागून येणारा. कारण तो सुरैयाच्या मागून उगवतो. इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. देवयानी दीर्घिकेची नोंद त्यांनी 'लहानसा ढग' अशी केली. तो फिकट ठिपका काळोख्या रात्री आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात.

आता मनातले बोलते. रात्रीच्या सहलीची चिठ्ठी घरी गेली की मुलग्यांना होकार मिळतो आणि मुलींना नकार. शिक्षिका म्हणून हे मी वर्षानुवर्षे पाहते. पालकांची काळजी मला कळते. पण आकाशदर्शन रात्रीच होणार. त्याला दिवसाची वेळ देता येत नाही. मग अब्बा, अम्मी, दादी, सगळेच निघा ना! दादीला जुन्या आकाशाच्या गोष्टी ठाऊक असतात, आणि मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धडा तिला डोळ्यांसमोर दिसतो. खर्च लोकलच्या तिकिटाचा आणि एका मुक्कामाचा. तेवढ्यासाठी सुरैयाने आकाशातली सुरैया न पाहताच मोठे व्हावे, हे काही बरे नाही.