स्क्रीन लुकलुकतोय हे कोण बघणार?

"लिनक्सचं कर्नल अपडेट केलं आणि लॅपटॉप बिघडला" अशी बोंब मारणं सोपं आहे. (मीही मारलीय!) पण तेच अपडेट बाहेर पडण्याआधी चालवून बघतो कोण?

२०२२ च्या सप्टेंबरअखेर ५.१९.१२ आलं आणि इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा लुकलुकायला लागला. पॅनेलची वीज चालू-बंद करण्याच्या वेळा चुकत होत्या. यातून पॅनेलच खराब होऊ शकतं, असं इंटेलच्याच इंजिनिअरने बजावलं. ४ ऑक्टोबरला ५.१९.१३ आलं तेव्हा कुठे सुटका झाली.

स्टेबल अपडेट तपासायला साधारण ४८ तास मिळतात. आपोआप चालणाऱ्या चाचण्या असतातच हो, पण मशिन बूट झालं की त्या खूष! लुकलुकणारा स्क्रीन बघायला समोर माणूस लागतो, आणि तोही नेमक्या त्याच मॉडेलसमोर.

म्हणून म्हणतो, तुमच्याकडे जुनंपानं, विचित्र हार्डवेअर असेल तर बॅकअप घ्या, ग्रबमध्ये जुनं कर्नल राहू द्या आणि आरसी, म्हणजे रिलीजआधीची आवृत्ती, चालवून बघा. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का... एवढंच. सगळं ठीक चाललं तरी मॉडेलच्या नावासकट कळवा.