शांतारामची काकडी

शांताराम हा सकर मासा. माझा नाही, माझ्या रूममेटचा. ती सहा महिन्यांसाठी ऑनसाइट गेली आणि जाताना टँक, आठ गप्पी, बारा लालचुटुक चेरी श्रिंप आणि हा शांताराम माझ्या गळ्यात मारून गेली. फ्रिजवर सूचनांचा कागद. त्यात एक ओळ : ‘शांतारामला आठवड्यातून दोनदा काकडी.’

आता काकडी द्यायला काय डोकं लागतं? एक असाइनमेंट उरकून येताना मॉलमधून मस्त चकाकती काकडी उचलली, नळाखाली धरल्यासारखं केलं. अर्धीच्या सालासकट चकत्या टँकमध्ये, अर्धी माझ्या सॅलडमध्ये. सकाळी बघते तर शांताराम एकदम फिट, गप्पीही मजेत. श्रिंप मात्र... सात जण तळाशी आडवे आणि उरलेले वेड्यासारख्या गिरक्या घेतायत.

फिशटँकच्या दुकानातल्या काकांना फोन लावला. ‘पाणी बदललंस? डासांचा स्प्रे मारलास?’ दोन्ही नाही. ‘मग काही खायला घातलंस?’ काकडी म्हटल्यावर ते हसलेच. ‘सोलली होतीस का?’

त्यानंतर मी दोन रात्री याच विषयावर वाचत बसले. (डेडलाइन गेली, तो भाग वेगळा.) झालं असं, की वांगी, भेंडी, काकडीवरच्या किडींसाठी सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं फवारतात. डासांच्या लिक्विडमधलं औषधही याच खानदानातलं, म्हणून काकांचा तो पहिला प्रश्न. ही औषधं किड्यांच्या नसांवर काम करतात. आपलं शरीर त्यांचा बऱ्यापैकी पटकन निकाल लावतं. माशांना ते तितकं जमत नाही. आणि श्रिंप तर किड्यांचेच लांबचे भाऊबंद. त्यामुळे आपल्याला कळणारही नाही एवढा अंशसुद्धा त्यांना पुरतो. शिवाय आपण काकडी खाऊन मोकळे होतो. श्रिंपना मात्र काकडीचं जे काही पाण्यात उतरेल त्यातच चोवीस तास श्वास घ्यायचा असतो. माझी काकडी काही मी लॅबमध्ये पाठवली नाही, पण त्या रात्री टँकमध्ये नवीन गेलेली गोष्ट ती एकच.

मग भाजी बंद का? अजिबात नको. सकरला पाला-भाजी हवीच, गोल्डफिशलाही वाटाणा आवडतो. फक्त आता माझी पद्धत बदललीय. काकडी, दुधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचा, साल जाड काढायचं. मग मिनिटभर उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात. मीठ नाही हं, ही कोशिंबीर नाही! चकती स्टीलच्या काट्याला टोचली की तळाशी बसते. सकाळी उरलेली काढून टाकायची, कारण कुजली की अमोनिया वाढतो आणि मग औषधाची गरजच उरत नाही. फ्रोझन मटार गार पाण्यात सोडून साल काढून द्यायचे. पालक-मेथीला सोलणार काय? म्हणून ती श्रिंपच्या टँकमध्ये नाहीच.

खायच्या सोड्याचा उपायही खोटा नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक लावून पाहिलं. सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटांत सालीवरचं औषध निघून गेलं. पण सालीच्या आत मुरलेलं तसंच राहिलं. म्हणजे सोडा वापरा, पण सोलणंही चुकत नाही. आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडच आत शोषून घेतं, तिथे धुणं-सोलणं दोन्ही तोकडं पडतं. म्हणून श्रिंपसाठी हल्ली मी आईच्या गच्चीवरचा दुधी आणते. तिला वाटतं, लेक सुधारली, दुधी खायला लागली.

उरलेल्या पाचांपैकी तीन जगले. निम्मं पाणी बदलून, फिल्टरमध्ये कार्बन टाकून. रविवारी व्हिडिओ कॉलवर रूममेटला सगळं सांगून टाकलं. कॅमेरा टँकसमोर धरला, तिने तीन श्रिंप मोजले. बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

मग तिने विचारलं, ‘आणि उरलेली अर्धी काकडी तू खाल्लीस?’