चाळीतला कांदा, फ्लॅटमधला भाडेकरू

पॅकेज जरा वाढलं की आपल्या पिढीला हमखास एक आयडिया सुचते. फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि हप्ता भाडेकरूकडून वसूल करायचा. ऐकायला एकदम सही! सध्या या आयडियाने माझ्या मामेभावाला झपाटलंय. घर देवळ्याला, नोकरी नाशिकला. कांद्याचे आणि पगारातले मिळून सहा लाख जमलेत, वर चोवीस लाखांचं कर्ज काढून नाशिकमध्ये वन बीएचके घ्यायचा म्हणतोय. ‘तू पेपरात लिहितेस ना, मग सांग!’ आता आली का पंचाईत?

उत्तर खरं तर त्याच्याच गावात आहे. देवळ्यात ‘चाळ’ म्हटलं की डोळ्यांसमोर गिरगाव येत नाही, कांद्याची चाळ येते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत बाहेर निघतो. पण भरला तेवढा कांदा कुणाच्याच चाळीतून निघत नाही. थोडा सुकतो, थोडा सडतो, थोड्याला कोंब फुटतात. शेतकरी आधी ही घट धरतो, मगच पैशांचं बोलतो. आणि त्याच घरातली शिकलेली पोरं? महिन्याच्या भाड्याला बाराने गुणतात आणि खूश होतात!

तर बॉस, आपणही घट धरू. समजा, तीस लाखांच्या फ्लॅटला दहा हजार भाडं मिळतंय. जुना भाडेकरू गेला आणि नवा मिळेपर्यंत एक महिना रिकामा गेला, म्हणजे हातात आले १ लाख १० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी आणि विमा ६ हजार, रंग, प्लंबर, एजंटची दलाली १६ हजार. उरले ७० हजार. म्हणजे तीस लाखांवर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. बँकेतली एफडी याहून जास्त देते! शिवाय चोवीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २१ हजार बसतो. भाडं दहा हजार. म्हणजे हप्ता भाडेकरू फेडत नाही, आपणच फेडतो. तो फक्त हातभार लावतो.

इन्कम टॅक्सचंही ऐका. भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा होते, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र मेंटेनन्स, दुरुस्ती, दलाली वेगळी दाखवता येत नाही, ते सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. आणि व्याजामुळे भाड्यात तोटा आला, तर जुन्या कररचनेत वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगारातून वजा करता येतो, नव्या रचनेत नाही. ‘लोन घे, टॅक्स वाचेल’ म्हणणाऱ्या मित्राला आधी विचारा, तू कुठल्या रचनेत आहेस?

आता रिस्क. ‘अकरा महिन्यांचा करार ना? मग नोंदणी कशाला?’ हा आपल्याकडचा सुपरहिट गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग महिने कितीही असोत. जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून डेंजर म्हणजे, नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. खोडून काढायचं काम तुमचं. आणि हे सगळं टाळायला खर्च किती? दहा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क तीनशेच्या आतबाहेर, शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. तेही ऑनलाइन. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन ठेवा. आणि भाडं थकलं म्हणून पाणी-वीज तोडायची नाही. ते बेकायदा आहे.

मामाचा एक प्लॉट पाचकंदीलपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथे चार खोल्या काढल्या तर कॉलेजची मुलं, शिक्षक, बँकेतली मंडळी येतील. एक खोली रिकामी राहिली तरी तीन चालू राहतात, कर्जही कमी लागतं. पण भाडं नाशिकइतकं नाही, सुट्ट्या लागल्या की मुलं घरी जातात आणि मोटार जळाली की फोन मालकालाच! घट इथेही आहेच, फक्त ती चार ठिकाणी वाटली जाते.

माझा फंडा सोपा आहे. वर्ष बाराऐवजी दहा महिन्यांचं धरा. सहा हप्ते बाजूला ठेवा. डिपॉझिटला हात लावू नका, ते भाडेकरूचे पैसे आहेत. एवढं करूनही रात्री झोप लागणार असेल तर खुशाल सही करा. नाहीतर कुणा कांदेवाल्याकडून आधी घट धरायला शिका!