कानातली शिट्टी आणि चौकातले डेसिबल

विसर्जन मिरवणुकीत कोणत्या चौकात किती डेसिबल नोंदले गेले, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. आकडा शंभरच्या वर गेला तरी आता कुणी दचकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किती जणांच्या कानात शिट्टी वाजत होती, हे मात्र कुणी मोजत नाही.

कान बधिर होणे आणि आत बारीक ‘सुंऽऽ’ असा आवाज येत राहणे, हा अनुभव मिरवणुकीनंतर किंवा वरातीनंतर अनेकांना येतो. बहुतेकांचा तो दिवस-दोन दिवसांत थांबतो. काहींचा थांबतच नाही. वैद्यकशास्त्र त्याला टिनिटस म्हणते. आयुर्वेदात त्याला कर्णनाद असे नाव आहे. कुणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, तर कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखे. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना हा आवाज येतो आणि १२ कोटींहून अधिक लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो.

आवाज कानात येतो असे म्हणतात, पण तो बहुतेक वेळा घडतो मेंदूत. आंतरकर्णातल्या शंखासारख्या भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, पक्ष्यांमध्ये उगवतात. गेलेल्या पेशींच्या पट्टीतले संदेश येईनासे झाले, की मेंदू जणू आपले बटण पिळून आवाज वाढवतो. रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला की खरखर ऐकू येते, तसेच हे. श्रवणाची नस कापावी लागलेल्या अनेक रुग्णांत आवाज तरीही सुरूच राहतो, हा त्याचा पुरावा. १९५३ मध्ये अमेरिकेत ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना काही मिनिटे ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा जवळपास सर्वांनाच काही ना काही ऐकू आले. म्हणजे पूर्ण शांतता हा यावर उपाय नव्हे. उलट तिथे हा आवाज अधिक जाणवतो.

मग गोळी कोणती? बीटाहिस्टीन या चक्करीवरच्या गोळीची चिठ्ठी अनेकांच्या हातात पडते. पण केवळ टिनिटससाठी ती देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितले. जिंको नावाच्या वनस्पतीच्या अर्काचाही फायदा सिद्ध झालेला नाही. ‘सवय करून घ्या’ हा डॉक्टरांचा सल्ला अर्धा खरा आहे, कारण सवय खरोखर होते. ती कशी करून घ्यायची, हे सांगायला बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो, एवढेच. आधी श्रवणचाचणी करावी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात आणि आतला आवाज अनेकांत मागे पडतो. रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज सोबतीला ठेवावा. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा. तिने आवाज कमी होत नाही. त्याची धास्ती आणि तगमग कमी होते.

आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्यासोबत येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तर तपासणी टाळू नये. अचानक ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तिथे उशीर महागात पडतो.

गेलेल्या पेशी परत आणता येत नसल्याने खरा प्रश्न त्या वाचवण्याचा उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सहन होतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०१ डेसिबलला पूर्ण आठवड्याचा वाटा १९ मिनिटांत संपतो. मिरवणूक त्याहून लांब असते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ ध्वनिवर्धकाला सवलत देता येते. पण ती सवलत वेळेची आहे, डेसिबलची नाही. दरवर्षीची चर्चा मात्र कोणते दिवस सवलतीचे, यावरच संपते. ध्वनिवर्धक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितले, तेही प्रामुख्याने रहिवाशांच्या तक्रारीवर. डीजेच्या भिंतीला खेटून तासन्‌तास बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस आणि आठवडेच्या आठवडे सराव करणारी ढोल-ताशा पथकातली मुले-मुली यांच्या कानांचा विचार या चर्चेत येत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळतात. बंदोबस्ताच्या सामानात आणि पथकाच्या गणवेशात त्यांचा समावेश करायला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही.